पाइपलाइनला ड्रायव्हर लागत नाही

हा आपल्या ताज्या भागाचा लिहिलेला अवतार. बोलताना 'म्हणजे' आणि 'बघा ना' फार झाले होते, ते थोडे कमी केलेत. बाकी बोललो तसंच ठेवलंय. कोठारीच्या पुढे जंगल लागलं की ज्यांची रेंज जाते, त्यांच्यासाठी हे वाचायला सोपं पडतं, म्हणून प्रत्येक भाग असा लिहूनही टाकतो.

आपल्याला सगळ्यात जास्त येणारा प्रश्न एकच आहे. गोंडपिपरी, पोंभुर्णा, मूल, चामोर्शी, अहेरी, कुठूनही येतो. "दादा, दहावी झाली. आयटीआय करतो म्हणतो. कोणता ट्रेड घेऊ?" कधी कधी त्यात पुढची ओळ असते: "का हेवी लायसन्स काढून घेऊ?"

याचं उत्तर दोन वाक्यांत देता येतं आणि शेवटी मी देणारच आहे. पण त्याआधी एक वेगळा प्रश्न विचारू. तुमच्या तालुक्याच्या आयटीआयमध्ये कोणते ट्रेड असावेत, किती जागा असाव्यात, हे कोण ठरवतं? कशावरून ठरवतं? तुम्ही निवड करता ती त्यांनी आधीच मांडून ठेवलेल्या ताटातून करता. ताटात काय वाढलंय, हे समजून घेतलं तर निवडही नीट होते.

ट्रकपासून सुरुवात करू.

गोंडपिपरीत राहणाऱ्याला लोहखनिज म्हणजे काय ते समजावून सांगावं लागत नाही. सूरजागडच्या पहाडातून निघालेले ट्रक आलापल्ली, आष्टी करत, वैनगंगा ओलांडून आपल्याकडून जाताना गेली काही वर्षं सगळ्यांनी पाहिलेत. धूळ खाल्लीय. रस्त्याची वाट लागली म्हणून लोक रस्त्यावरही उतरलेत. पण त्याच ट्रकांनी कामही दिलं. ड्रायव्हर, क्लीनर, टायरवाला, पंक्चरवाला, ढाबा. मग सतरा-अठरा वर्षांच्या पोराने हे रोज बघून काय ठरवायचं? हेवी लायसन्स काढायचं. २०१९ मध्ये केंद्राने व्यावसायिक लायसन्ससाठीची आठवी पासची अटही काढून टाकली, त्यामुळे मधेच शाळा सुटलेल्यालाही हा रस्ता मोकळा झाला. वीस वर्षं वय आणि वर्षभर हलक्या वाहनाचं लायसन्स, एवढं झालं की अर्ज करता येतो. निर्णय चुकीचा नाही. डोळ्यासमोर जे काम दिसतं, माणूस त्याचीच तयारी करतो.

आता २२ जुलै २०२५ ची गोष्ट. त्या दिवशी मुख्यमंत्र्यांच्या हस्ते लॉयड्स मेटल्सच्या दोन गोष्टींचं उद्घाटन झालं. एटापल्ली तालुक्यातल्या हेडरीत खनिज दळायचा कारखाना आणि तिथपासून चामोर्शी तालुक्यातल्या कोनसरीपर्यंत ८५ किलोमीटरची पाइपलाइन, ही एक. कोनसरीतला वर्षाला ४० लाख टनांचा पेलेट प्रकल्प, ही दुसरी. शिवाय ४५ लाख टन क्षमतेच्या एकात्मिक पोलाद कारखान्याची पायाभरणीही त्याच दिवशी झाली. कोनसरीचं पहिलं भूमिपूजन २०१७ चं. म्हणजे आठ वर्षं हा विषय हवेत होताच.

ही पाइपलाइन कशी चालते ते सांगतो, कारण सगळा मुद्दा त्यातच आहे. खनिज पिठासारखं बारीक दळतात. पाण्यात कालवतात. आंबील करतो ना आपण, तसं. ते मोठ्या दाबाने नळातून ढकलतात. दुसऱ्या टोकाला पाणी गाळून बाजूला काढतात, उरलेल्या चुऱ्याच्या गोट्यांएवढ्या गोळ्या करतात आणि त्या भट्टीत भाजतात. ते झालं पेलेट.

या सगळ्यात ड्रायव्हर कुठे आहे? नाही. म्हणजे सगळे ट्रक उद्या थांबणार असं नाही. पेलेट, कोळसा, सिमेंट, तयार माल यांना चाकं लागतीलच. पण खाणीपासून कारखान्यापर्यंतचा जो मोठा ओघ चाकांवर होता, त्यातला बराचसा नळात गेला की कामाची जातच बदलते. पंपाला जोडारी लागतो. जोडारी म्हणजे फिटर. मोटरला आणि पॅनेलला वीजतंत्री लागतो. नळात दाब किती, प्रवाह किती, कुठे गळतंय का, हे सांगणारी उपकरणं सांभाळायला इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक लागतो. कंट्रोल रूममध्ये स्क्रीनसमोर बसून ते सगळं वाचणारा लागतो. प्रयोगशाळेत दर पाळीला नमुना तपासणारा लागतो. माणसं संख्येने कमी, शिक्षण जास्त, आणि ती तयार व्हायला वेळ लागतो.

किती वेळ? इथे जरा थांबू, कारण बहुतेक चर्चा याच ठिकाणी गडबडते.

जोडारी आणि वीजतंत्री हे दोन्ही दोन वर्षांचे ट्रेड. एका तुकडीत वीस जागा. समजा एखाद्या आयटीआयमध्ये हा ट्रेड नाहीच, किंवा तुकडी वाढवायची आहे. मग प्रस्ताव जातो. कार्यशाळेला जागा, पुरेसा वीजभार, ठरलेल्या यादीप्रमाणे यंत्रं आणि शिकवायला निदेशक, हे सगळं दाखवावं लागतं. त्यानंतर दिल्लीच्या प्रशिक्षण महासंचालनालयाची संलग्नता. ते झालं की पुढच्या प्रवेशाची वाट. मग दोन वर्षं शिक्षण. मग एखादं वर्ष शिकाऊ उमेदवारी, म्हणजे अप्रेंटिसशिप. सगळं सुरळीत झालं तरी आज प्रस्ताव लिहिल्यापासून कामावर उभा राहण्याजोगा जोडारी मिळायला चार-पाच वर्षं लागतात.

आम्ही सॉफ्टवेअरवाले याला कपॅसिटी प्लॅनिंग म्हणतो. दिवाळीच्या सेलला किती लोक ॲपवर येतील याचा अंदाज घेऊन आधी सर्व्हर वाढवून ठेवायचे. फरक एवढाच की आम्हाला सर्व्हर पाच मिनिटांत मिळतो. जोडारी पाच वर्षांत. त्यामुळे अंदाज चुकला तर आमची वेबसाइट तासभर पडते, इथे एका गावाच्या एका अख्ख्या पिढीची संधी जाते. कारखाना पाच वर्षं थांबत नाही. तो रायपूर, जमशेदपूर, राउरकेल्याहून अनुभवी माणूस आणतो. त्याची चूक काय? भट्टी पेटली की ती थंड ठेवून चालत नाही.

आणखी एक गंमत आहे. कारखाना बांधताना आणि कारखाना चालवताना लागणारी माणसं वेगळी असतात. बांधकामात हजारो हात लागतात: वेल्डर, सळई बांधणारे, मचाण बांधणारे, गवंडी, क्रेनवाले. दोन-तीन वर्षं नुसती धूम असते. गावात खोल्यांची भाडी वाढतात, दुचाकी येतात, सगळ्यांना वाटतं आता झालंच. मग बांधकाम संपतं, ठेकेदार पुढच्या साइटवर जातो, आणि राहतात ती चालवणारी माणसं, जी त्याहून बरीच कमी असतात. जिल्ह्याचा आराखडा जर बांधकामाच्या वर्षी कंपनीला विचारून बनवला की "तुम्हाला काय पाहिजे?", तर उत्तर येणार "वेल्डर". आपण उत्साहाने वेल्डरच्या तुकड्या वाढवणार. पोरं पास होऊन बाहेर पडणार, तोवर मचाण उतरलेलं असणार.

म्हणून प्रश्न "किती पाहिजेत" एवढाच नसतो. "कोणत्या साली, किती वर्षांसाठी" हाही असतो.

मग हे बघतं कोण?

कागदावर यंत्रणा आहे, आणि वाईट नाही. प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली कौशल्य विकासाची समिती असते. जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्र, ज्याला जुनी माणसं अजून 'एम्प्लॉयमेंट ऑफिस' म्हणतात, ते या समितीचं काम सांभाळतं. २०१८ मध्ये जागतिक बँकेच्या मदतीने केंद्राचा 'संकल्प' नावाचा कार्यक्रम आला, त्याने या समित्यांवर जबाबदारी टाकली की दर वर्षी जिल्हा कौशल्य विकास आराखडा करा. चांगल्या आराखड्यांना बक्षिसंही ठेवली. २०२२ च्या बक्षिसांत देशातल्या पहिल्या तीन जिल्ह्यांत गुजरातचं राजकोट, आसामचं कछार आणि आपल्या राज्यातलं सातारा होतं. शिवाय महात्मा गांधी राष्ट्रीय फेलोशिप म्हणून एक प्रकार होता: तरुण फेलो दोन वर्षं आयआयएममध्ये शिकत शिकत जिल्हा प्रशासनासोबत याच कामावर बसायचे.

तर यंत्रणा आहे. अडचण मला तीन ठिकाणी दिसते.

पहिली अडचण नकाशावर दिसते. फोनवर मॅप उघडा आणि गोंडपिपरी बघा. पूर्वेला वैनगंगा. पलीकडे आष्टी, तिथून जवळच कोनसरी. गोंडपिपरीच्या पोराला चंद्रपूरपेक्षा कोनसरी जवळ. पण गोंडपिपरी चंद्रपूर जिल्ह्यात आणि कोनसरी गडचिरोलीत. जिल्हाधिकारी वेगळे, समिती वेगळी, आराखडा वेगळा. गडचिरोलीचा आराखडा गडचिरोलीची पोरं मोजणार, चंद्रपूरचा आराखडा चंद्रपूरचे कारखाने मोजणार, आणि नदीकाठचा आपला तालुका दोन्ही हिशेबांच्या कडेला पडणार. माणूस जिथपर्यंत सकाळी जाऊन संध्याकाळी घरी येऊ शकतो, तो खरा प्रदेश. त्याला जिल्ह्याची हद्द कळत नाही. गोंडवाना विद्यापीठ २०११ मध्ये झालं तेव्हा दोन्ही जिल्हे एकत्र घेतलेच ना? आयटीआयसुद्धा दोन्हीकडच्या नागपूरच्याच प्रादेशिक कार्यालयाखाली येतात. मग कौशल्याचा आराखडा दोन्ही जिल्ह्यांचा मिळून एक का नको, हे मला तरी समजत नाही.

अमेरिकेचं उदाहरण देतो, तिथलं सगळं भारी असतं म्हणून नाही, एक कलम कामाचं आहे म्हणून. तिथे व्यवसाय शिक्षणाला केंद्राचा पैसा पर्किन्स कायद्याखाली मिळतो. २०१८ च्या सुधारणेने अट घातली की पैसा पाहिजे तर दर दोन वर्षांनी स्थानिक गरजांचं मोजमाप करा, त्यात विद्यार्थी, पालक, शिक्षक, उद्योग सगळ्यांना बसवा, आणि पैसा त्या मोजमापाप्रमाणेच खर्च करा. मोजमाप नाही, तर पैसा नाही. आपल्याकडे आराखडा असतो आणि पैसा असतो, पण दोघांची भेट झालीच पाहिजे अशी सक्ती सैल आहे.

दुसरी अडचण एका शब्दाची आहे. तो शब्द म्हणजे 'स्थानिक'.

प्रत्येक सभेत ऐकतो आपण: ऐंशी टक्के नोकऱ्या स्थानिकांना. हे खरं आहे, राज्य सरकारचं तसं धोरण आहे. सवलती घेणाऱ्या उद्योगांनी एकूण नोकऱ्यांत किमान ८० टक्के आणि पर्यवेक्षकीय पदांत किमान ५० टक्के स्थानिक घ्यायचे, असा २००८ चा शासन निर्णय आहे. पण तिथे स्थानिक म्हणजे कोण? ज्याचं महाराष्ट्रात १५ वर्षं वास्तव्य आहे तो. गोंडपिपरीचा नाही, गडचिरोलीचाही नाही. महाराष्ट्राचा. सांगलीचा वीजतंत्री कोनसरीत आला तर कागदावर तो 'स्थानिक' आहे. सांगलीच्या पोराबद्दल आपलं काही म्हणणं नाही, त्यालाही पोट आहे. पण सभेत टाळ्या वाजवताना आपल्याला वाटतं की ही जागा आपल्यासाठी राखून ठेवलीय, ते तसं नाही. ती जागा राज्यभरातल्या पोरांशी स्पर्धा करून मिळवायची आहे. आणि समजा कंपनीने मनापासून तालुक्यातला माणूस घ्यायचं ठरवलं, तरी इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक तालुक्यात नसेल तर ती कुणाला घेणार? मग आपल्या वाट्याला येतं ते सुरक्षारक्षक, सफाई, माळी, हेल्पर. ऐंशी टक्के पूर्ण होतात. आकडा बरोबर, आपण मात्र गेटवरच.

तिसरी अडचण वेळापत्रकाची. ही शहरात बसून कुणाला सुचणार नाही. आपल्याकडे धान कापणी-मळणी उरकली की कितीतरी घरं मिरची तोडायला तेलंगणात जातात. साधारण जानेवारी ते मार्च-एप्रिल. आले की तेंदूपत्ता. तो संपला की पेरणीची तयारी. आता सरकारचं आर्थिक वर्ष संपतं ३१ मार्चला. कोणत्याही योजनेचा निधी खर्च करायची घाई कधी होते? जानेवारी ते मार्च. म्हणजे तीन महिन्यांचा कोर्स गावात येतो तेव्हा गावातली तरणी माणसं खम्मम-वरंगलच्या शेतात असतात. मग हजेरी कोणाची भरते ते मी सांगायला नको. हाच कोर्स ऑगस्ट-सप्टेंबरात, रोवणी संपल्यावर ठेवला तर? एवढा साधा बदल. त्याला जागतिक बँक लागत नाही, गावचं कॅलेंडर माहीत असलेला एक माणूस समितीत लागतो.

छोट्या कोर्सबद्दल थोडं. १९ ऑक्टोबर २०२३ ला राज्यात ५११ प्रमोद महाजन ग्रामीण कौशल्य विकास केंद्रांचं उद्घाटन झालं. २०२४ पासून मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आहे, तिच्यात बारावीला महिना ६ हजार, आयटीआय-डिप्लोमाला ८ हजार, पदवीला १० हजार विद्यावेतन ठेवलं. घरात पैसा येतो, अनुभव येतो. घ्या. पण काही आठवड्यांचं प्रमाणपत्र म्हणजे दोन वर्षांचा ट्रेड नव्हे.

शिकाऊ उमेदवारी: हा आकडा पाठ करा

आता अशी गोष्ट सांगतो जी कायद्यात आहे, हक्काची आहे आणि तरी आपल्याकडे कमी लोक मागतात.

शिकाऊ उमेदवारी अधिनियम, १९६१. त्याच्या नियमांप्रमाणे ३० किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक आस्थापनेने आपल्या एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घ्यायचेच आहेत. 'एकूण' मध्ये कंत्राटी कामगारही धरायचे, हे महत्त्वाचं. एखाद्या कारखान्यात कायम आणि कंत्राटी मिळून हजार माणसं असतील, तर किमान २५ आणि जास्तीत जास्त १५० शिकाऊ. पंचवीस आणि दीडशे यांच्यात सव्वाशे पोरांचा फरक आहे. कायदा किमान आकड्यावर समाधानी असतो. वरचा आकडा कुणी मागितला तरच मिळतो. आणि तो मागायची जागा जिल्ह्याच्या समितीची बैठक आहे.

विद्यावेतन २०१९ च्या नियमांत आयटीआयवाल्यासाठी महिन्याला किमान ७ हजार ठरलं. त्यातले २५ टक्के, कमाल १५०० रुपये, केंद्र सरकार देतं, म्हणून कंपनीवर सगळा बोजा पडत नाही. रेल्वेत तर शिकाऊ उमेदवारी पूर्ण केलेल्यांसाठी लेव्हल-१ च्या भरतीत २० टक्के जागा आहेत.

आणि हे फक्त कोनसरीपुरतं नाही. चंद्रपूर जिल्ह्यात मोठे मालक आधीपासून आहेत. महाऔष्णिक वीज केंद्र २,९२० मेगावॅटचं, वेकोलिच्या खाणी, राजुरा-कोरपना भागातले सिमेंट कारखाने, बल्लारपूरची पेपर मिल, भद्रावतीची आयुध निर्माणी. आपल्या चर्चेत नवीन प्रकल्पच येतात, कारण त्यांचे फोटो येतात. पण नोकरी मोजताना जुन्या कारखान्यातून दर वर्षी किती लोक निवृत्त होतात, हेही मोजावं लागतं. बऱ्याचदा नव्या कारखान्यापेक्षा हा आकडा जास्त भरवशाचा असतो: निवृत्तीची तारीख आधीच माहीत असते. वीज केंद्राचे २१० मेगावॅटचे पहिले दोन संच बंद झाले, म्हणजे जुनं आटतही असतं. आटणारं वजा करायचं, निवृत्त होणारं मिळवायचं, मग नवीन जोडायचं. तिसरी-चौथीचं गणित आहे, फक्त कुणीतरी आस्थापनांकडून आकडे मागून एका तक्त्यात भरले पाहिजेत.

पैसा कुठून? तोही आहे. खाणी असलेल्या जिल्ह्यात जिल्हा खनिज प्रतिष्ठान असतं. २०१५ च्या आधी दिलेल्या खाणींना रॉयल्टीच्या ३० टक्के, नंतर लिलावाने दिलेल्यांना १० टक्के एवढी रक्कम त्यात भरावी लागते. हा पैसा खाणीने बाधित भागावर खर्च करायचा, आणि कौशल्य विकास त्यातल्या प्राधान्याच्या यादीत पहिल्यापासून आहे. २०२४ च्या नव्या सूचनांनुसार किमान ७० टक्के निधी या प्राधान्याच्या विषयांवर जायला पाहिजे. एका इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक कार्यशाळेची यंत्रं या निधीतून येऊ शकतात. तसा ठराव ग्रामसभेने केला तर मागणीला वजन येतं. आपण ठराव बहुतेक सभामंडपाचे करतो. असो.

जंगलातलं काम

कोणी म्हणेल, सगळं कारखान्याचंच का? बरोबर आहे. गडचिरोलीचं दोन तृतीयांशाहून जास्त क्षेत्र जंगलाखाली आहे, आणि वनहक्क कायद्यानंतर ग्रामसभा स्वतः बांबू आणि तेंदू विकतात. मेंढा-लेखाने २०११ मध्ये स्वतःच्या बांबूचा वाहतूक परवाना हातात घेतला, तो दिवस इतिहासात गेला. पण विक्री ग्रामसभेने करायची म्हटल्यावर काम कोणतं वाढलं? जाहिरात काढणं, निविदा उघडणं, मोजणी, प्रतवारी, मजुरी थेट खात्यात टाकणं, जीएसटी, ताळेबंद. गावात पदवीधर पोरगी आहे, तिला टॅली येत असेल तर तिला चंद्रपूरला खोली करून राहायची गरज नाही. शेजारच्या पाच ग्रामसभांचे हिशेब ती सांभाळू शकते. आराखड्यात 'बांबू' म्हटलं की टोपल्या आणि शोपीस येतात. चिचपल्लीचं बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र त्याच्या पुढे जाऊन बांबू तंत्रज्ञानाचा डिप्लोमा शिकवतं, ते चांगलंच. पण ग्रामसभेचा हिशेबनीस हा ट्रेड कुणाच्या यादीत मी पाहिला नाही.

पुणे जिल्ह्यातल्या पाबळचा विज्ञान आश्रम माहीत आहे का? डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये सुरू केला. त्यांचं म्हणणं, गावातल्या माणसाला एकच एक ट्रेड पुरत नाही. थोडं वेल्डिंग, थोडी वायरिंग, थोडं बांधकाम, थोडी शेती, थोडं आरोग्य असं सगळं हाताने करत शिकायचं. शाळेतल्या पोरांसाठीही त्यांनी हाच अभ्यासक्रम नेला. माझं मत विचाराल तर कारखान्यापासून लांबच्या गावांना, धाबा किंवा भंगाराम तळोधीच्या पुढच्या, हे मॉडेल आयटीआयपेक्षा जास्त लागू पडतं. तिथे मोटरपंप, सोलर, धान गिरणी, शेड असं सगळं करणारा एक माणूस लागतो, वीस जोडारी नाही.

बरं, आता ट्रेड

वचन दिलं होतं, म्हणून सांगतो. जो ट्रेड एकाच कारखान्याला लागतो, तो टाळा. जो वीज केंद्र, सिमेंट, खाण, पोलाद, रेल्वे, पिठाची गिरणी सगळ्यांना लागतो, तो घ्या. म्हणजे वीजतंत्री किंवा जोडारी. गणित-विज्ञान बरं असेल आणि जवळपास मिळत असेल तर इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक आधी बघा. वेल्डर एका वर्षाचा आहे, लवकर कमाई होते. घेतला तर पुढे पाइप वेल्डिंगपर्यंत जायचं ठरवूनच घ्या, कारण सरळ प्लेट जोडणारे पुष्कळ आहेत.

कोपाबद्दल मला विशेष विचारतात, कारण मी कॉम्प्युटरवाला. कोपा वाईट नाही. सेतू केंद्र, कार्यालय, ग्रामपंचायत इथे उपयोगी आहे. पण "कंट्रोल रूममध्ये कॉम्प्युटर असतो, म्हणून कोपा केला की तिथे बसवतील," हे होत नाही. त्या स्क्रीनवर जे दिसतं ते पंप, झडप आणि मोटर असतं. ज्याला मोटर कळते त्याला पीएलसी शिकवता येतं. उलटं फार अवघड जातं. म्हणून आधी वीजतंत्री, मग पीएलसी.

आयटीआय केलं म्हणजे शिक्षण संपलं, असंही नाही. दोन वर्षांचा ट्रेड दहावीनंतर केला तर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. तिथून इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. मी बारावी-बीटेक या रस्त्याने आलो. माझ्या टीममध्ये या दुसऱ्या रस्त्याने आलेले आहेत, आणि हार्डवेअर बिघडलं की सगळे त्यांच्याकडे बघतात.

मुलींसाठी वेगळं सांगतो. आयटीआयच्या जागांत ३० टक्के मुलींना राखीव आहेत, आणि ते फक्त शिवणकामासाठी नाही, जोडारीलाही आहे.

प्रवेशाची एक खाचखळगी सांगून थांबतो. राज्यात सगळ्या आयटीआयचा प्रवेश ऑनलाइन, एकाच पोर्टलवर, फेऱ्यांनी होतो. तुम्ही पसंतीक्रम भरता. पहिल्या पसंतीची जागा मिळाली तर ती घ्यावीच लागते. नाही घेतली तर पुढच्या नेहमीच्या फेऱ्यांतून तुम्ही बाहेर. त्यामुळे कॅफेवाल्या दादाला "भर काहीही वर" म्हणू नका. पहिल्या ओळीत तेच टाका जे मिळाल्यावर खरंच करणार आहात. आणि यादी फक्त आपल्या तालुक्यापुरती ठेवू नका. नदीपलीकडचं चामोर्शी, इकडे पोंभुर्णा, मूल, बल्लारपूर, चंद्रपूर, जिथे एसटीने जाऊन येता येतं किंवा वसतिगृह मिळू शकतं, ते सगळं क्रमाने टाका. पोर्टलवर प्रत्येक संस्थेत कोणता ट्रेड, किती जागा आहेत ते दिसतं. वीस मिनिटं देऊन ते बघा, आणि तुमच्या आसपास इन्स्ट्रुमेंट मेकॅनिकच्या किती जागा सापडल्या ते आम्हाला व्हॉइस नोटवर कळवा. पुढच्या भागात तोच आकडा घेऊन बसू.